सासुरवाडीचं पेट्रोल

माणूस भेटला की आधी काय विचारावं याची आपल्याकडं एक रीत आहे. बरं आहे ना, पोरं काय करतात, पाऊसपाणी कसं. उराडेभाऊंना ही रीत कोणी शिकवलीच नव्हती. गावाहून कोणीही येवो, लग्नाहून येवो की मयतीहून, त्याच्या पायातली चप्पल निघायच्या आत भाऊंचा प्रश्न तयार असायचा, "तिकडं का भाव हाय?" भाव म्हणजे पेट्रोलचा. सोन्याचा नाही, तुरीच्या डाळीचा नाही, फक्त पेट्रोलचा. माझे वडील गेले तेव्हा दिवस करून मी वर्ध्याहून परत आले. डोळे सुजलेले, हातात बॅग, आणि जिन्यात हा माणूस उभा. त्यांनी हात जोडले, मान खाली घातली. मला वाटलं, चला, माणुसकी शिल्लक आहे. मग ते हळूच म्हणाले, "वहिनी, लय वाईट झालं. वर्ध्याले का भाव हाय?"

त्यावर मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर वसाहतीत आमचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर आणि त्यांचं खालच्या. आमचे हे थर्मलमध्ये, म्हणजे वीज केंद्रात शिफ्टला, उराडेभाऊ तिथंच स्टोअरला. ही नव्वद सालानंतरची गोष्ट, म्हणजे हातोहाती मोबाईल यायच्या आधीची. कपडे वाळत घातले की चिमणीची राख त्यांच्यावर बसायची, आणि खाली जिन्याखाली उराडेभाऊंची निळी स्कूटर असायची, तिच्यावर मात्र राखेचा कण दिसेल तर शपथ. सुमनताईंनी लग्नातल्या चादरीची खोळ शिवून दिली होती, ती स्कूटरला. घरातल्या गादीला नव्हती.

आता ही स्कूटर जायची कुठं? ड्युटीला भाऊ कंपनीच्या बसनं जात, कारण बस फुकट. भाजीला पायी, कारण पाय फुकट. पोरगा नागपूरला हॉस्टेलवर होता, त्याला भेटायला एसटी. मग स्कूटर कशाला? पेट्रोल आणायला. मी चेष्टा करत नाही. ती स्कूटर पेट्रोल भरायला बाहेर पडायची, भरून घरी यायची, आणि त्यातलं जे काही जायचं-यायचं जळलं ते पुन्हा भरायला पुढच्या खेपेला निघायची. वर्षानुवर्षं त्या गाडीनं दुसरं काहीही काम केलं नाही.

आणि जायची तरी कुठं! चौकातल्या पंपावर नाही. तिथं शहराची जकात लागते म्हणून भाव चढा, असं त्यांचं म्हणणं. जकात नाक्याबाहेरचा पंप त्यांनी काही वर्षं चालवून घेतला. मग कोणीतरी ट्रकवाल्यानं सांगितलं की राजुऱ्याच्या पुढं, आंध्रची हद्द ओलांडली की आणखी कमी आहे. झालं. दर महिन्याच्या एका रविवारी पहाटे उजाडता-उजाडता सुमनताई मागच्या सीटवर, मांडीवर दशम्यांचा डबा, आणि भाऊ पुढं, गळ्यात मफलर. पहाटेच का? तर थंडीत पेट्रोल घट्ट असतं, तेवढ्याच मापात जास्त बसतं. नदीच्या पुलाच्या अलीकडं उतार लागला की ते गाडी बंद करत आणि तशीच घरंगळू देत. मागून ट्रक कर्कश हॉर्न वाजवत येत. सुमनताई डोळे मिटून देवाचं नाव घेत.

"ताई, लोक देवदर्शनाले जाते," त्या मला म्हणायच्या. "मी आतापर्यंत सगळे पंप पाह्यले. कोन्या पंपावर सावली हाय, कुठी पान्याचा माठ हाय, मले सारं मालूम हाय."

पंपावर पोहोचल्यावरचा विधी वेगळा. पोऱ्यानं नळी घातली की भाऊ दोन्ही हातांनी स्कूटर गदागदा हलवत. आत हवेचे फुगे राहतात म्हणे. मग नळीतले शेवटचे थेंब गळेपर्यंत ते नळी सोडू देत नसत. मागं रांग लागायची, लोक शिव्या घालायचे, आणि हा सज्जन माणूस नळीखाली तोंड घालून थेंबांची वाट बघत उभा. एकदा पंपावरचा एक म्हातारा शिपाई त्यांना म्हणाला होता, "भाऊ, पिळून देऊ का?" ते यांनी मनापासून मान्य केलं होतं, असं सुमनताई सांगत.

वसाहतीत सगळे त्यांना हसायचे. मी तर तोंडावर हसायची. पण हसणाऱ्यांचं एक आहे, हसून झालं की ते हळूच जाऊन विचारत, "भाऊ, खरंच कमी आहे का हो तिकडं?"

आमच्या वरच्या रांगेत वानखेडेसाहेब होते, इंजिनिअर. त्यांना एके दिवशी राहवलं नाही. कंपनीच्या बसथांब्याजवळ नोटीस लावायचा फळा होता, त्यावर त्यांनी खडूनं हिशेब मांडला. जायला इतकं, यायला इतकं, टायर झिजतो तो वेगळा, आणि वाचतं ते एवढंसं. खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "उराडे, तुम्ही दर खेपेला खड्ड्यात जाता." बसला थांबलेले सगळे बघत होते. भाऊंनी फळा नीट वाचला. मग अतिशय शांतपणे बोलले, "साहेब, तुमचा हिशेब बरोबर हाय, पन तुमच्यासाठी. तुमी जाताना महागातलं पेट्रोल जाळसान. मी जाताना जे जाळतो थे मागच्या खेपीचं, स्वस्तातलं रायते. म्हंजे माह्यं जानंच स्वस्तात पडते. जितक्या खेपा जास्त, तितकं जास्त वाचते."

वानखेडेसाहेबांनी खडू खाली ठेवला. फळ्याकडं पाहिलं, भाऊंकडं पाहिलं. पुढच्या रविवारी त्यांची मोटरसायकल भाऊंच्या मागं राजुऱ्याच्या रस्त्याला लागली होती. त्याच्या पुढच्या महिन्यात आमचेही हे गेले. मी विचारलं, "काय हो, तुम्ही तर हसत होता?" तर म्हणाले, "जाऊन बघायला काय हरकत आहे?" जाऊन बघून आले ते रस्त्यात समोसे, चहा, पुतण्यांना खेळणी आणि पंक्चरचा खर्च करून. वर मलाच सांगतात की पेट्रोल मात्र स्वस्त पडलं.

असा हळूहळू वसाहतीचा एक ताफाच तयार झाला. भाऊंना त्यात मोठा मान. बसमध्ये त्यांची खिडकीची जागा कोणी घेत नसे. कोणी नवी गाडी घेतली की पूजा करून पेढे आधी त्यांना. ताफ्यातल्या ठेंगरेंचा स्कूटरवरून पडून पाय मोडला, सगळे दवाखान्यात बघायला गेले, तेव्हाही भाऊ त्यांच्या उशाशी बसले आणि काळजीनं विचारते झाले, "गाडी आडवी झाली तवा टाकीत किती होतं? सांडलं त नाई?" आणि ठेंगरेंनी पाय वर टांगलेल्या अवस्थेत सांगितलं, "नाही भाऊ, रिझर्व्हवर होती." भाऊंनी सुटकेचा श्वास टाकला. ठेंगरेंनीही टाकला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता सुमनताईंचं सांगते, कारण या सगळ्या तमाशात खरं दुखणं होतं ते त्यांचं.

त्यांचं माहेर मुलचेऱ्याच्या अलीकडं. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मागं जंगल, शेजारी बंगाली निर्वासितांच्या वस्तीची गावं. ही निळी स्कूटर त्यांच्या वडिलांनी लग्नात कबूल केलेली. त्या काळी स्कूटरला नंबर लावून बसावं लागे. लग्न झालं, वर्षं गेली, मग नंबर लागला. तोवर वडिलांनी एक बांधी विकून पैसे भरून ठेवले होते, आणि गाडी हाती यायच्या आधीच ते वारले. गाडी चंद्रपूरच्या दुकानातून थेट ऊर्जानगरला आली. म्हणजे जिच्यासाठी बांधी गेली ती गाडी आईनं कधी पाहिलीच नव्हती. पार्वताबाई त्यांचं नाव. सुमनताई दिवाळीला, अखाडीला एसटीनं जात. भाऊही एसटीनं जात, वाकून नमस्कार करत, दोन दिवस राहत, काही कमी करत नसत. म्हातारी मात्र दरवेळी दाराबाहेर बघे आणि विचारे, "गाडी कुठी हाय?"

भाऊंचं उत्तर ठरलेलं. "आई, या रस्त्यानं पंपच नाई. गाडीनं आलो त परत जाले बाटलीतलं पेट्रोल घ्याव लागन. थे महाग रायते, आन् त्यात रॉकेल मारते."

मग पार्वताबाईंची नजर उतरायला लागली. सुमनताईंनी त्यांना चंद्रपूरला आणून दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू असता तर काढला असता, ही नस वाळते आहे. आहे तेवढं दिसणंही हळूहळू जाणार. त्या मुक्कामात गाडी दाखवता आली असती, पण नेमके तेव्हा भाऊ गाडी घेऊन सरहद्दीपलीकडं गेलेले आणि परत यायच्या आत म्हातारीची एसटी होती. सुमनताई त्या दिवशी वर आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून रडल्या. "ताई, माह्या मायले हिरा-मोती नाई पाह्यजे. माह्या बापाची बांधी कशी दिसते थे तिले एकदा पाहाचं हाय. डोळे गेल्यावर कोनाले दाखवू?"

मी म्हटलं, मी बोलते भाऊंशी. बोलले. तासभर बोलले, आवाज चढवून बोलले. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. आणि म्हणाले, "वहिनी, मले का वाईट नाई वाटत? पन त्या रस्त्यानं पंप नाई ना." अशा माणसाचं काय करायचं? मारता येत नाही, सोडता येत नाही.

सुमनताईंनी मात्र करायचं ते केलं. बायकोनं सांगितलेली पेट्रोलच्या भावाची बातमी हा माणूस खरी मानत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या भाऊंशी एक शब्द बोलल्या नाहीत. सत्तारभाईंच्या किराणा दुकानात साखर घ्यायला गेल्या आणि साखर पुडीत बांधली जाईपर्यंत सहज बोलून आल्या की मुलचेऱ्याकडं नवीन पंप झाला म्हणतात, भाव फार कमी आहे म्हणतात, जंगलाचा भाग म्हणून सरकारनं कर सोडला म्हणतात. सत्तारभाई सज्जन आणि बोलका माणूस. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "सुना क्या?" म्हणून सुरुवात करणारा. बातमी सकाळी दुकानातून निघाली, दुपारी पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये बसली, आणि संध्याकाळी भाऊंच्या तोंडून घरी परत आली. येताना भाव आणखी उतरला होता आणि पहिल्या महिन्यात ऑइल फुकट मिळणार होतं.

"ऐकलं काय?" भाऊ उंबऱ्यातूनच ओरडले. मी वर गॅलरीत कपडे काढत होते, मला सगळं ऐकू आलं. "तुह्या माहेराकडं पंप झाला म्हंते! साऱ्या कॉलनीले मालूम आन् तुले मालूम नाई? कशी बाई हायस तू?"

"मले का समजते त्यातलं," सुमनताई म्हणाल्या. "तुमी म्हंता त असन."

मी टॉवेल तोंडात कोंबला.

धान कापून झालं होतं, थंडी पडली होती, अशा एका रविवारी ताफा निघाला. स्कूटरी, मोटरसायकली, बायका, डबे, वानखेडेसाहेब काळा चष्मा लावून सगळ्यांत पुढं. ठेंगरेसुद्धा, काठी गाडीला बांधून. आणि आता यांची अक्कल बघा. स्वस्त पंपावर जायचं तर टाकीत जागा पाहिजे, म्हणून भाऊंनी फर्मान काढलं होतं की प्रत्येकानं मुलचेऱ्याला पोहोचेपुरतंच पेट्रोल ठेवावं. जे जास्त होतं ते लोकांनी आदल्या दिवशी काढून घरी बाटल्यांत भरून ठेवलं. शिकलेसवरलेले लोक! इंजिनिअर! नळी तोंडात धरून स्वतःच्याच गाडीतलं पेट्रोल ओढत होते.

गोंडपिपरी गेली, आष्टीचा पूल गेला, वैनगंगा खाली चकाकत होती. मग साग सुरू झाला, मोह सुरू झाला, रस्ता लहान होत गेला. एकेक गाडी खोकायला लागली. रिझर्व्ह लावलं. मग गाड्या आडव्या करून टाकीतलं तळाचं पेट्रोल इंजिनकडं आणणं सुरू झालं. पंपाची पाटी काही दिसेना. गुराख्याला विचारलं तर तो आमच्याकडंच बघत राहिला. माहेरचं गाव हाकेच्या अंतरावर आलं तेव्हा भाऊंच्या स्कूटरनं शेवटचा आचका दिला आणि ती थांबली. तिच्यामागं बाकीच्याही थांबल्या. सुमनताई उतरू लागल्या तर भाऊ म्हणाले, "बसून राह्य. साडी धुळीत जाईन." त्यांच्या मनात काय होतं देव जाणे. बायको सीटवर, आणि स्वतः हँडल धरून ढकलत निघाले. मागं आम्ही सगळे आपापल्या गाड्या ढकलत, घामाघूम.

पार्वताबाई अंगणात वाळत घातलेलं धान राखत बसल्या होत्या. पोरं ओरडत पुढं धावली, तशा त्या उठल्या. कपाळावर हात धरून बघत राहिल्या. ऊन लख्ख होतं, तेवढं त्यांना दिसत होतं. निळी गाडी, तिच्यावर पोरगी बसलेली, जावई स्वतः पायी ढकलत आणतो आहे, आणि मागं गावभराची गाड्यांची रांग. त्या बाईनं तोंडावर हात धरला.

"बाप्पा! बाप्पा! माह्या लेकीले जावायानं पालखीवानी आनलं वं! आन् एवढे पावने संगं!"

जवळ येऊन तिनं गाडीवर हात फिरवला. हेडलाइटवर, सीटवर, नंबरप्लेटवर. मग नवऱ्याचं नाव न घेता कोणाला तरी म्हणाली, "पाह्यली जी. पाह्यली मी. लय मस्त हाय." सुमनताई सीटवरून उतरायचं विसरून गेल्या होत्या. मला राहवेना, मी विहिरीकडं तोंड फिरवलं. आम्ही सगळ्या बायका रडत होतो आणि पुरुष एकमेकांना विचारत होते, "पंप कुठी हाय?"

पंप नव्हताच. होतं ते मंडलबाबूचं दुकान, बंगाली वस्तीतलं. फळीवर काचेच्या बाटल्यांतून पिवळंधम्मक पेट्रोल, शेजारी पत्र्याचं नरसाळं. भाव ऐकून वानखेडेसाहेबांनी काळा चष्मा काढला. सगळे भाऊंवर तुटून पडले. इतक्या वर्षांचा मान एका मिनिटात मातीत जायची वेळ आली. सुमनताईंनी माझा हात घट्ट धरला. आता खरं सांगावं लागणार, असं दोघींनाही वाटलं.

भाऊ पुढं झाले. बाटली उन्हात धरून पाहिली. नाकाशी नेली. दोन थेंब तळहातावर घेतले, फुंकर मारली, ते उडून गेले. मग वळून सगळ्यांना म्हणाले, "तुमी भाव पाहून राह्यले. माल पाह्यला काय? हे कसं उडलं, दिसलं? डाग नाई, रॉकेलचा वास नाई. असं पेट्रोल पंपावर मिळते काय? याचं अॅव्हरेज धरलं त हे स्वस्तच पडते." आणि खिशात हात घालून पहिली बाटली त्यांनी घेतली. बाकीच्यांना घ्यावीच लागली, परत कसं जाणार? शपथेवर सांगते, वसाहतीत पोहोचेपर्यंत आमचे हे म्हणत होते की गाडी खरंच जरा हलकी पळते आहे.

पण एकदा असं बोलल्यावर माघार कशी घेणार? पुढच्या महिन्यात बसमध्ये लोकांनी विचारलं, "काय भाऊ, आता कुठं?" आणि भाऊंना म्हणावं लागलं, "मुलचेऱ्याले." बाकी कोणी पुन्हा त्या वाटेला गेलं नाही. हे दोघं मात्र जायला लागले, दर महिन्याला, निळ्या स्कूटरवर. आणि काय आश्चर्य, दुसऱ्याच खेपेला भाऊ विजयी होऊन आले. थेट वर आमच्याकडं. "वहिनी, सासूबाईची त्या दुकानदारासंग ओळख हाय. त्यायच्या शब्दावर आपल्याले स्वस्त देऊन राह्यला. चंद्रपुरापेक्षा कमी! चौकात सांगू नोका, गर्दी होईन."

ते गेल्यावर सुमनताई आल्या. हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. ओळख कसली नि काय! म्हातारी कोंबड्यांची अंडी विकायची, मंडलबाबूकडून तो सांगेल त्या दरानं बाटल्या आणून खाटेखाली ठेवायची, आणि जावई आला की त्याला त्याहून कमी भावात द्यायची. "मी तिले लय बोलली, ताई. म्हटलं, माय, हे काऊन करतं? त म्हंते, तुह्या बापानं बांधी देऊन गाडी घरी पाठवली. मी अंडे देऊन तिले इथी बलावतो. तुले का करा लागते?"

आणि असं ते वर्षानुवर्षं चाललं. इकडं पेट्रोलचे भाव चढत गेले, पंपांवर आकडे चकाकणारी यंत्रं आली, वानखेडेसाहेबांनी मोटार घेतली. म्हातारीची नजर पार गेली. सुमनताई सांगत, गाडीचा आवाज फाट्यावर वळला की ती अंगणात येऊन उभी राहते, हेडलाइट चाचपते, मग लेकीचं तोंड चाचपते, मग पेट्रोलचा डबा मागत जावयाला म्हणते, "आना बाप्पा तुमची डबकी." भाऊ दोन दिवस राहत. तिचं छप्पर शाकारून देत. विहिरीचा रहाट त्यांनीच बसवला. गोड लिंबाच्या झाडाखाली बसून तिला बसमधल्या गमती सांगत. पण निघताना पेट्रोल मोजून घेत, आणि घरी येऊन मला सांगत, "स्वस्ताले तोड नाई." मला कधी कधी वाटे, सांगून टाकावं या गृहस्थाला. सुमनताईंनी मला आईची शपथ घातली होती.

पार्वताबाई गेल्या त्या एका उन्हाळ्यात. तेरवीला आम्ही दोघंही एसटीनं गेलो. भाऊ आणि सुमनताई आधीच स्कूटरवर पोहोचलेले होते, तेरवीच्या गडबडीत पेट्रोल मिळेल न मिळेल म्हणून निघताना चंद्रपुरात टाकी काठोकाठ भरून, गोंडपिपरीला नव्यानं झालेल्या पंपावर पुन्हा टॉप करून. जेवणं झाली, पानं उचलली. भाऊ नुसतेच इकडून तिकडं फिरत होते. खाटेखाली वाकून बघितलं, तिथं काही नव्हतं. मग रिकामी डबकी घेऊन ते मंडलबाबूच्या दुकानाकडं निघाले. सुमनताई माझ्याकडं बघून मागं निघाल्या, म्हणून मीही गेले.

मंडलबाबूनं हात जोडले, म्हातारीबद्दल चार चांगले शब्द बोलला. भाऊंनी डबकी पुढं केली. त्यानं भाव सांगितला.

"नाई नाई," भाऊ म्हणाले. "मी उराडे. पार्वताबाईचा जावई. त्यायले देत होते तोच भाव लावा."

"ओही भाव हाय, दादा," मंडलबाबू म्हणाला. "बूढी माँ को भी ओही भाव. कभी कम नाई किया, झूठ क्यों बोलू? दर महिन्याले येत होती, काठी घेऊन, अंडे का पैसा लेके."

भाऊंचे ओठ जरासे हलले, हिशेब करताना हलायचे तसे. मग हलायचे थांबले. त्यांनी सुमनताईंकडं पाहिलं. सुमनताईंनी मान खाली घातली.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुमी आले असते काय?"

मी इतक्या वर्षांत या माणसावर इतकी चिडले, इतकी हसले, पण त्या वेळी त्यांच्या तोंडाकडं मला बघवेना. त्यांनी खिशातून पैसे काढून फळीवर ठेवले, न मोजता. "दे," ते मंडलबाबूला म्हणाले. त्यानं डबकी भरली आणि उरलेले पैसे परत द्यायला हात पुढं केला तोवर भाऊ बाहेर पडले होते.

स्कूटर सासूच्या अंगणात उभी होती. त्यांनी टाकीचं झाकण काढलं आणि ओतायला सुरुवात केली. टाकी आधीच जवळजवळ भरलेली होती. पेट्रोल वर आलं, काठावरून निळ्या पत्र्यावर उतरलं, चाकावरून खाली धान वाळत घालायच्या जागेवर पसरायला लागलं. अंगणातले लोक बघत उभे राहिले. भाऊंचे डोळे गळत होते आणि ते ओततच होते.

सुमनताईंनी पुढं होऊन त्यांचा हात धरला.

"अवो, भरली," त्या म्हणाल्या. "भरली ना टाकी."